आधी कागद, मग माणूस



माझी आई तिच्या स्वतःच्या घरात राहत नाही, हे मला ७ मे २०२४ ला कळलं. लोकसभेचं मतदान होतं. मेढ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आई पहाटे उठली, न्हाली, निळ्या काठाचं लुगडं नेसली. हे लुगडं वर्षातून दोनदाच निघतं, १४ एप्रिलला आणि मताला. हातात ओळखपत्र घट्ट धरून उन्हात दीड तास उभी राहिली. आत टेबलामागचा माणूस म्हणाला, नाव नाही.

"आवं, कार्ड हाय की माझं."

"कार्ड असून काय उपयोग आजी? यादीत नाव लागतं."

यादी उलटीपालटी केल्यावर तिच्या नावावर शिक्का सापडला. वगळले. कारण पुढं एका कचेरीत कळलं, स्थलांतरित. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती दोन महिने माझ्या बहिणीकडं घणसोलीला होती. तेवढ्यात कुणी तपासायला आलं, दाराला कुलूप दिसलं, झाली बाई स्थलांतरित. शेजारी विचारावं, तर आमच्या शेजारात शिरायला अजून पुष्कळांची पावलं जड होतात. नोटीस दाराला लावली होती म्हणे. आईला वाचता येत नाही, कुलपाला तर त्याहून येत नाही.

घरी येताना ती एवढंच बोलली, "आरं, रोजगार हमीवर खडी फोडत हुते तवा बरी सापडत हुते ह्यास्नी."

घरचं रडगाणं अंकात कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ही गोष्ट आमच्या एका घराची असती तर शाई खर्चली नसती. ज्या कायद्यानं तिचं नाव गेलं असं सांगितलं जातं, तोच कायदा तिच्या बाजूचा आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम २०. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही, असं त्यात साफ लिहिलंय. कलम २२ सांगतं, इथं राहत नाही म्हणून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्या. कुलपावर डकवलेला कागद म्हणजे वाजवी संधी असेल तर आमच्या आज्ज्यानं पाटलाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून घातलेला जोहार म्हणजे सभेतलं भाषणच म्हणायचं.

आता हिशोब मांडा. घराला कुलूप कुणाच्या असतं? जावळीतली अर्धी कर्ती माणसं मुंबईत. माथाडीत ओझी उचलतात, गिरण्या होत्या तेव्हा गिरण्यांत होती. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा बामणोलीच्या अंगाची गावंच्या गावं उठवली, माणसं कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत फेकली. बीडचा, जतचा, माणचा ऊसतोड्या दिवाळीच्या आगंमागं कोयता घेऊन सातारा-सांगलीच्या फडात उतरतो, तो उन्हाळ्यातच घरी पोचतो. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. तो खोपीत, त्याचं मत गावात. सैनिकाला टपालानं मत देता येतं, ऊसतोड्याला येत नाही. पालावरच्या पारध्याची, वैदूची, डोंबाऱ्याची तर बातच सोडा. बेघर माणूस म्हणेल त्या जागी रात्री जाऊन बघावं, तो तिथं झोपत असेल तर पत्त्याचा कागद न मागता नाव घ्यावं, असं आयोगाच्याच सूचनांत आहे. रात्री पालावर जाणारा अधिकारी मी पाहिला नाही. रात्री पालावर जाणारे पोलीस पुष्कळ पाहिले.

आणि आता वरून आवाज येतो, यादी शुद्ध करायची आहे. शुद्ध! हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगावर काटा येतो. ह्या देशात ज्यानं ज्यानं शुद्धीची गोष्ट काढली त्यानं बाहेर कुणाला काढलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०१५ साली आयोगानं मतदारयादीच्या शुद्धीकरणाचा कार्यक्रमच काढला होता, आधार नंबर मतदारकार्डाला जोडायचा. ऑगस्टात सुप्रीम कोर्टानं आधारवर लगाम घातला, तेव्हा तो थांबला. पण २०१८ च्या तेलंगणात मतदानाच्या दिवशी लोक केंद्रावर गेले आणि लाखो नावं यादीत नव्हती. तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यानं माफी मागितली. माफीनं बोटाला शाई लागत नाही.

तरी २०२१ च्या डिसेंबरात कायदा आलाच. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, आवाजी मतदानानं. कोट्यवधींच्या मताचा प्रश्न आणि मोजणी आवाजानं! त्यात एक गोष्ट चांगली होती, ती कबूल करतो. नाव नोंदवायला वर्षाची एकच तारीख होती, त्या चार झाल्या. बाकी आधार. ऐच्छिक आहे म्हणाले, पण नमुना ६ ब मध्ये "देत नाही" म्हणायला घरच ठेवलं नव्हतं. आधार द्या, नाहीतर आधार नाही असं लिहून द्या. २०२३ साली कोर्टात विचारणा झाल्यावर आयोगाला सांगावं लागलं की सक्ती नाही, नमुने सुधारतो. तोवर गावोगाव कारकुनांनी सक्ती म्हणूनच कागद गोळा केले. खडी फोडून, कोयता चालवून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या, ज्याला रेशनच्या दुकानात मशीन ओळखत नाही, त्याची ओळख त्या अंगठ्यावर बांधायला निघालेले हे शहाणे.

पुढची गंमत ऐका. २४ जून २०२५ ला बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर झालं. सगळ्यांनी नव्यानं फॉर्म भरायचा. २००३ च्या यादीत ज्याचं नाव नाही त्यानं अकरा कागदांपैकी कागद दाखवायचा. त्या अकरांत आधार नव्हतं. ज्या आधारासाठी २०२१ मध्ये कायदा केला तेच २०२५ मध्ये चालेना. रेशनकार्ड नव्हतं. आणि आयोगानं स्वतः छापून, स्वतःचा शिक्का मारून दिलेलं मतदारकार्डही नव्हतं! दिलेली ओळख देणाऱ्यालाच पटेना. १ ऑगस्टला मसुदा यादी आली, ७ कोटी ८९ लाखांची ७ कोटी २४ लाख झाली. ६५ लाख माणसं गायब. कोण, का, हे सांगायलाही तयार नव्हते. १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं कारणासकट नावं जाहीर करायला लावली, ८ सप्टेंबरला आधार बारावा कागद म्हणून घ्यायला लावला. त्यात मेलेले होते, दुबार होते, हे मी नाकारत नाही. पण जिवंत माणसं आपलं मरण खोटं पाडायला कोर्टात उभी राहिली, हेही साऱ्या देशानं पाहिलं. ऑक्टोबरच्या शेवटी आणखी बारा राज्यं-प्रदेश जाहीर झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता, शेजारचा गोवा होता.

त्या अकरा कागदांत एक कोणता होता ठाऊक आहे? जातीचा दाखला. मत द्यायला जातीचा दाखला! बाबासाहेबांनी एक माणूस एक मत म्हटलं, यांनी एक जात एक दाखला करून ठेवलं. आणि दाखला ही काय चीज आहे ते महाराष्ट्रातल्या आपल्या पोरांना बिहाऱ्यानं शिकवायला नको. आपण वर्षानुवर्षं त्याच चाळणीतून जातोय. १० ऑगस्ट १९५० च्या आधी तुमचा आजा इथं राहत होता आणि तो त्याच जातीचा होता हे सिद्ध करा. आजा शाळेत गेला नव्हता. जमीन नव्हती म्हणून सातबारा नव्हता. मग कोतवालाच्या बुकात शोधा, जन्ममृत्यूच्या जीर्ण नोंदीत शोधा. तिथं मोडीत लिहिलंय, वाचणारा आणा. १९५६ नंतर बापानं बौद्ध लावलं, मग बौद्ध म्हणजे कोण ते सांगा. देवळाच्या पायरीवर, पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत आमची जात अख्ख्या गावाला कागदाशिवाय कळते. सवलतीच्या खिडकीपाशी आलो की कुणालाच कळत नाही.

ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर आपला माणूस निवडून आला तर त्याच्या डोक्यावर ही पडताळणी टांगलेली. सहा महिन्यांत वैधता दाखला आणला नाही तर जागा गेली, असा कायदा होता. उशीर समितीनं केला तरी जागा उमेदवाराचीच जायची. २०१८ साली सुप्रीम कोर्टानंही ती मुदत बंधनकारकच ठरवली, आणि कोल्हापूरपर्यंतच्या नगरसेवकांच्या खुर्च्या हलल्या तेव्हा सरकार जागं झालं नि मुदत बारा महिने केली. शिवाय घरी संडास वापरत असल्याचा ग्रामसभेचा दाखला. ज्या वस्तीला मसणवट्यालाही जागा धड नाही तिनं संडास कुठं बांधायचा? आणि तो दाखला देणार कोण, तर तीच ग्रामसभा जिच्या पुढच्या रांगेत कोण बसतं ते तुम्ही रोज बघता. स्वच्छतेला माझा विरोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची घाण उपसली त्यांना स्वच्छतेचं प्रमाणपत्र मागण्याला आहे.

कागद ह्या देशात कधीच कोरा नव्हता. ज्याच्याकडं जमीन त्याच्याकडं कागद, ज्याच्याकडं लेखणी त्याच्या हातात बाकीच्यांची नावं. माझा जन्म कोयनेच्या भूकंपाच्या पुढच्या साली, आखाडात. आई तसंच सांगते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तेवढी एकच तारीख आमच्या वस्तीला पक्की माहीत. शाळेत मास्तरनं विचार न करता १ जून टाकली. वस्तीतली सगळी पोरं १ जूनचीच. एका दिवशी एवढी बाळंतपणं झाली तरी सुईण वाचली कशी, हा इतिहासकारांना प्रश्न पडायला हवा. आईची तर तीन कागदांवर तीन नावं. एकावर माहेरचं, एकावर सासरचं, तिसऱ्यावर कारकुनाला जे ऐकू आलं ते. तिन्ही नावं मी इथं लिहीत नाही, उगाच तीही कुणीतरी खोडायचा.

हे काही आजचं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या, १९५१-५२ च्या यादीतून जवळजवळ २८ लाख बायकांची नावं गेली, कारण त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. नवऱ्याचंच नव्हे, स्वतःचंही नाव परक्यापुढं घ्यायचं नाही हे त्यांना शिकवलं कुणी? शिकवलं धर्मानं, भोगलं बायकांनी.

आणि बाबासाहेब. आपण त्यांचा पुतळा बघतो, बोट बघतो, बोटाखालचं वाचत नाही. २७ जानेवारी १९१९ ला साउथबरो समितीपुढं ते उभे राहिले तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. तेव्हा मत होतं ते सारा भरणाऱ्याला, मिळकतवाल्याला. बाबासाहेबांनी हिशोब करून दाखवलं की असल्या अटी ठेवल्या तर अस्पृश्यांतले मोजकेच मतदार होतील, म्हणून आमच्यासाठी अट खाली आणा. १९२८ साली सायमन कमिशनपुढं पुण्यात त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकारच मागितला. अडाणी माणसाला मत कशाला, असं भलेभले पुढारी म्हणत होते, त्या काळात. १९३२ ला लोथियन समिती आली तेव्हाचा प्रकार तर आजच्या पोरांनी पाठ करावा असा. अस्पृश्य किती त्यावर जागा ठरणार म्हटल्यावर काही प्रांतांतली पुढारलेली मंडळी म्हणू लागली, आमच्याकडं अस्पृश्य नाहीतच, असले तर थोडे. कालपर्यंत सावली चुकवणारे आज म्हणतात कुणाची सावली? माणसं जागच्या जागी, यादीत शून्य.

म्हणूनच १५ जून १९४९ ला घटना समितीत त्यांनी निवडणुकीचं कलम बदलून आणलं. आधी प्रांतांना वेगवेगळे आयोग द्यायचं ठरत होतं. त्यांनी एकच मध्यवर्ती आयोग मागितला, आणि कारण सांगितलं ते हे, की काही प्रांतांत सरकारंच अशी व्यवस्था करतायत की वंशानं, भाषेनं, संस्कृतीनं जे आपले नाहीत त्यांची नावं मतदारयादीत येऊच नयेत. लक्षात घ्या. निवडणूक आयोगाची आजची घडण, आजचं कलम ३२४, नाव गाळण्याच्या भीतीतून आली. बोगस नाव घुसेल ही भीती त्यामागं नव्हती. नाव गळणाऱ्यांसाठी जो दरवान नेमला तोच आता दारात उभा राहून कागद मागतो.

अमेरिकेतल्या काळ्या भावांची गोष्टही इथं बसते. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव उगाच उचललं नव्हतं. तिकडं गुलामी संपल्यावर दक्षिणेतल्या गोऱ्यांनी मताला डोईपट्टी लावली, वाचनाची परीक्षा लावली. पण गरीब अडाणी गोरेही त्यात अडकू लागले. मग आजोबा-कलम काढलं, ज्याचा आजा १८६६-६७ च्या आधी मतदार होता त्याला परीक्षा माफ. काळ्याचा आजा गुलाम. कायद्यात काळा हा शब्दच नाही, काम चोख. १९१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते मोडलं, तरी परीक्षा नि पट्टी चालूच राहिली, खरा कायदा यायला १९६५ उजाडलं. आता बिहारचा नमुना आठवा. ज्याच्या आईबापाचं नाव जुन्या यादीत, त्याला त्यांच्यासाठी वेगळा कागद नको. ज्याचे आईबाप तेव्हा वीटभट्टीवर, फडात, पालात होते, त्यानं शोधत फिरायचं. दोन्ही गोष्टी तंतोतंत एक आहेत असं मी म्हणत नाही. वास एक येतो.

"पण बोगस मतदान थांबायला नको का?" हा प्रश्न मला आपल्याच एका कार्यकर्त्यानं मेढ्याच्या स्टँडवर चहा पिताना विचारला. बरोबर विचारला. बोगस मतदानाचा मार आपल्याइतका कुणी खाल्लाय? माझा बाप आणीबाणीनंतरच्या एका निवडणुकीत मताला गेला तर वाटेतच सांगितलं, "तुझं पडलंय, जा माघारी." दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीचं पडलं होतं. गावातल्या मोठ्या वाड्यानं आमचे श्रम वाचवले. त्यामुळं १९९३ साली टी. एन. शेषन यांनी फोटोचं ओळखपत्र काढलं, कार्ड नाही तर निवडणूक नाही म्हणून दम भरला, तेव्हा वस्तीत आनंद झाला होता. आमच्या तोंडाचा फोटो आमच्या नावापुढं आला, म्हणजे वाड्यावरच्या कुणाला माझा बाप होता येईना. पण ते कार्ड सरकार द्यायला निघालं होतं, आणि कार्डं पुरी झाली नाहीत म्हणून मत अडवू नका असं कोर्टानं तेव्हा बजावलं. आजही कार्ड नसलं तर पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड असे दुसरे कागद केंद्रावर चालतात. ओळख द्यायला सरकार दारी येतं तेव्हा मी त्याला पाट टाकून बसवीन. ओळख सिद्ध कर म्हणून मला रांगेत उभं करतं तेव्हा भांडीन.

आणि बोगसगिरी रांगेत होते कुठं? सीमेपलीकडच्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी ६,०१८ नावं काढा असे अर्ज ऑनलाइन आले. तपासलं तर २४ खरे, बाकी ५,९९४ खोटे. ज्यांच्या नावानं अर्ज गेले त्यांना खबरच नव्हती. माझ्या आईनं लुगड्याच्या गाठीत बांधलेले दहा कागद असते तरी त्यानं हे थांबलं असतं का? चोर खिडकीच्या आत, झडती खिडकीबाहेरच्यांची. १९९५ मध्येच लालबाबू हुसेन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या त्या नावाला वजन द्या, उगाच संशयावर पुरावे मागत सुटू नका. तो खटला मुंबई-दिल्लीच्या झोपड्यांतल्या लोकांना आलेल्या नोटिसांचा होता.

आईचं नाव परत आलं. नमुना ६ पुन्हा भरला, चार खेपा झाल्या, चार दिवसांचा रोज बुडाला. खिडकीतला म्हणे जन्माचा दाखला आणा. मी म्हटलं, साहेब, ती जन्मली तेव्हा हा देश जन्मला नव्हता, त्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो? तो हसला नाही. विधानसभेला तिनं मत दिलं. पण तिला पोरगा होता, पोराला अर्ज लिहिता येत होता. वस्तीतल्या आणखी सात जणांची नावं त्याच यादीत खोडलेली होती, हे मला चौथ्या खेपेला कळलं. का कळलं नाही आधी? कारण मसुदा यादी लागते तेव्हा आपण फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा ह्यावर भांडत असतो. पाचसहा गट, प्रत्येकाचा जिल्हाध्यक्ष, आणि केंद्रावर यादी घेऊन बसणारा प्रतिनिधी एकाचाही नाही. वाड्यावरच्या पक्षांचे असतात. ते यादी वाचतात. आपण घोषणा देतो.

चुकीचं नाव काढलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडं अपील करता येतं, तिथं हरलं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडं. नमुना ७ कुणी कुणाविरुद्ध दिला त्याची यादी मागता येते. हे मला त्या चार खेपांत कळलं, तुम्हाला फुकट सांगतोय.

आमच्या भागाची यादी मी काढून आणली आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मोठ्यानं वाचायची. नाव घेतलं की माणसानं, नाहीतर घरच्यानं "हाय" म्हणायचं. मुंबईला असलेल्यांना फोन लावायचा. आई म्हणते, माझं नाव पयलं वाच, मी मोठ्यानं वरडणार हाय.